आईच्या समोरची एअरबॅग

प्रति,
मा. मुख्य तपासणी अधिकारी,
वाहन तपासणी केंद्र, तल्ल सिदर.

विषय : तपासणीत पास झालेली मोटार कृपया नापास करून मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्याच केंद्राचे पास प्रमाणपत्र.

महोदय,

१. मी, नव्वाफ औदा हजाइम, सविनय कळवितो की, रमजानात इफ्तारच्या घाईत आमची मोटार पाण्याच्या टँकरवर धडकली. शेजारी बसलेल्या माझ्या मातोश्री, हाज्जा वदहा, समोरची एअरबॅग फुगल्यामुळे बचावल्या. मोटार त्यांच्याच नावावर आहे. नंतर मिस्त्री जिर्यस यांनी भंगार बाजारातून जुनी एअरबॅग आणून डॅशबोर्डात बसवली. धोक्याचा दिवा विझला आणि मोटार आपल्याकडे पास झाली.

२. उन्हाळा लागताच डॅशबोर्डातून टकटक ऐकू येऊ लागली. मिस्त्रींनी बॅटरी मारून आत पाहिले आणि मोटारीचे दार अगदी हळू लावून घेतले. म्हणाले, "एअरबॅगमागची गॅसची डबी गंजून फुगलीय. खड्ड्यातसुद्धा उडेल, आणि पत्र्यासकट उडेल. मी नाही बाबा आता हात लावणार."

३. घरातल्या वडीलधाऱ्यांना पुढेच बसवायचे, ही आपल्याकडची रीत आपण जाणताच. मागे बसण्याची विनंती केली असता मातोश्री म्हणाल्या, "मी काय शेळी आहे मागे बसायला? सुनेनं पढवलेलं दिसतंय." माझी पत्नी तेव्हापासून माहेरी आहे. डबीविषयी सांगितले, तर त्यांनी आपले प्रमाणपत्र माझ्या नाकासमोर धरले. मी किल्ली लपवली, तेव्हा त्यांनी दुसरी किल्ली धाकटे बंधू फव्वाज यांना दिली. फव्वाज गतिरोधकावर ब्रेक लावत नाहीत. म्हणून मीच चालवतो. एक हात सुकाणूवर आणि दुसरा मातोश्रींच्या छातीसमोर आडवा. त्या तो झटकून टाकतात. महोदय, मला फार भीती वाटते. झोपेतही माझा हात तसाच आडवा असतो.

४. आपल्या खिडकीवरील कारकून म्हणतात, "दिवा बंद आहे ना? मग नापास कशी करू? लोक इथं पास व्हायला रडतात, तुमचं उलटंच."

५. सबब, हा अर्ज मी आपल्या आवारात, मोटारीपासून चार पावलांवर उभ्याने लिहीत आहे. मातोश्री पुढच्या सीटवर पट्टा लावून बसल्या आहेत. लेकाचे बोलणे त्यांना खोटे वाटते, सरकारचे नाही. आपण बाहेर येऊन "नापास" एवढे तोंडाने म्हणालात, तरी त्या उतरतील. शिक्का नंतर मारला तरी चालेल. ऊन चढले आहे. डॅशबोर्डाला आत्ताच फट पडली असून, "लवकर आटप रे" म्हणत मातोश्रींनी ती तळहाताने दाबून धरली आहे.

आपल्या दारात उभा,
आपला नम्र,
नव्वाफ औदा हजाइम
दि. १४ जुलै

सोबत :
१. पास प्रमाणपत्र, मूळ प्रत.
२. मोटार, आवारात.
३. मातोश्री, मोटारीत.