पाच लाख दहा हजार पाचशे दहा

३ तारीख
आलो एकदाचे नव्या घरी. मी, बायको, लेक, जावईबापू, तिसरीतली नात ठकी आणि काळी-भुरी या दोन मांजरी, असं सात जिवांचं बिऱ्हाड. स्वयंपाकघराच्या भिंतीत कुणीतरी ओल्या सिमेंटवर आकडा कोरलाय: ५१०५१०. माझी शाळा चौथीत सुटली, पण आकडा दिसला की भागून बघायची खोड सुटली नाही. जावईबापू म्हणाले, बाबा, तुम्ही भिंतीलाही स्वस्थ बसू देत नाही.

४ तारीख
चहाबरोबर दोनानं भागला. २५५२५५. रोज एकच भागाकार करायचा, पुरवून पुरवून.

५ तारीख
भिंतीवर आज २५५२५५ कोरलेलं. लेक म्हणते, पहिल्यापासून तेच होतं, चष्मा बदला. अंकांची बेरीज चोवीस, म्हणजे तीन जाणारच. ८५०८५. भुरी एकटीच पायात घोटाळते बिचारी. जोडीला एखादं मांजर आणावं म्हणतो.

६ तारीख
८५०८५. पाचानं १७०१७. दाराशी दुधाची वाटी कुणासाठी ठेवलीय, विचारलं. जावईबापू म्हणाले, तुम्हीच चोरून पीत असाल.

७ तारीख
सातानं २४३१. लेकीनं एक पुरुषी शर्ट इस्त्री केला आणि तो हातात धरून उभीच राहिली. कुणाचा, तिलाही सांगता येईना.

८ तारीख
भिंतीवर २४३१. ठकीनं विचारलं, मी कुणाची मुलगी? बायको म्हणाली, आमचीच की गं.
मग ही वही पहिल्या पानापासून वाचली. जावई. लेक. दोन मांजरी. अक्षर माझंच, पण एकही चेहरा आठवत नाही. एका भागाकाराला एक जीव. आता भागायचं नाही. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, नसतं काही डोक्यात घेऊ नका, आणि माझा हात घट्ट धरून बसली.
२४३१. दोन नि तीन पाच. चार नि एक पाच. सारखे आले म्हणजे अकरा जाणारच — मी नाही भागला, तो आपोआप —
हाताला ऊब आहे. कुणी धरला होता?

९ तारीख
२२१. वहीत लिहिलंय, मला बायको होती.
ठकीला घेऊन निघालो. फाटकाच्या खांबावर २२१. रस्त्यापलीकडच्या भिंतीवर २२१. परत फिरलो. आकड्यावर चादर ठोकली.
२२१ला काय जातं, ठाऊक नाही. ठाऊक करून घ्यायचं नाही. कशानेच न जाणारा असू दे. ठकीला दटावलं, तिकडे फिरकायचं नाही. का हो आजोबा, म्हणाली. काय सांगू —

१० तारीख
चादर खाली. ठकी पेन्सिल घेऊन बसलीय. नको म्हटलं की तेच करणार, माझीच नात. तेरानं बघते म्हणाली. बाविसातून तेरा गेले नऊ — थांब म्हटलं — एक खाली घेतला — झालंच आजोबा, म्हणते —
ठकी, तुला आई होती. बाबा होते. आजी होती. ही वही वाच. सतराला हात लावू नकोस. बाकी शून्य, म्हणतेय — हे अक्षर तुझ्या