मेव्हण्याच्या जागी मी

३ जून, सोमवार
कारखान्याच्या पेंट शॉपमधल्या सगळ्यांची कॉम्प्युटरवर डोक्याची तपासणी होणार. थिनरच्या वाफांनी हात आणि मेंदू मंदावतात म्हणे. म्हणोत बापडे. मी इतकी वर्षं मास्क गळ्यात अडकवून स्प्रे मारतोय, माझं काय वाकडं झालं? संकल्प: पहिला नंबर काढायचा.

४ जून
मी सुपरवायझर, आणि बायकोचा धाकटा भाऊ माझ्याच हाताखाली आहे. कामाला चोख, पण भित्रा. मास्क लावूनच झोपत असेल. पुढच्या महिन्यात हेड पेंटर व्हायचाय, आणि परीक्षेला जाम घाबरतो. नापास झाला तर थेट स्प्रे मारायच्या बूथबाहेर. म्हटलं, तुझ्या जागी मी बसतो. टोपी घातली की सगळे सारखेच, आणि तपासणीवाल्या बाई बाहेरच्या, टोकन नंबर तेवढा विचारतात. तो नको नको म्हणत होता. मोठ्यांचं ऐकावं.

७ जून, दुपारी
दिली. पडद्यावर चौकोन उमटला की बटण दाबायचं. बटण जाम होतं. मग आकडे दाखवतात, ते उलट्या क्रमाने सांगायचे. जगात कोण आकडे उलटे सांगतो? एसीही फार होता. एकंदरीत झकास.

११ जून
निकाल लागला. मेव्हण्याला बूथमधून काढलं. मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवणार. हेड पेंटर आता दुसरंच कोणीतरी.
त्या बटणाची तक्रार केलीच पाहिजे.
कँटीनमध्ये तो समोर बसला होता. मी ताट तसंच ठेवून उठलो. जेवण गार होतं.

१२ जून
मॅनेजरला खरं सांगायचं ठरवलं. गेलो, तर ते फोनवर. परत गेलो, तर जेवत होते. जेवत्या माणसाला उठवू नये. उद्या नक्की.

१३ जून
मॅनेजर मोकळे बसले होते. बिचाऱ्यांना जरा निवांतपणा मिळाला होता, म्हणून दारातूनच फिरलो.

१४ जून
बायकोला कळलं. वाटलं, घर डोक्यावर घेईल. पण ती हळूच म्हणाली, माझ्या भावाचं डोकं ठणठणीत आहे, मग बिघडलंय कोणाचं? म्हटलं, कॉम्प्युटरचं. तर म्हणे, परवा गॅस कोणी चालू ठेवला? लेकीचा वाढदिवस कोण विसरलं? तुमच्या शर्टाची बटणं हल्ली मी का लावते?
या घरात बोलायची सोय नाही. लाज वाटली, ते वेगळं.

१७ जून, सोमवार, सकाळी
आज सुपरवायझर लोकांची पाळी. मेव्हण्याला गाठलं. मान खाली घालून विचारलं, माझ्या जागी बसशील का? म्हणाला, भावोजी, माझ्या जागी तुम्ही बसलात, आता तुमच्या जागी तरी तुम्हीच बसा.

संध्याकाळी
बसलो. बटण नवीन होतं. आकडे मात्र तसेच पळाले. बाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग मीच एका दमात म्हटलं, सात तारखेचा तो निकालही माझाच, मेव्हण्याला बूथमध्ये परत घ्या. बाई रागावल्या नाहीत. मास्क कधीपासून लावत नाही, एवढंच विचारलं. मला आठवेना.
मेव्हणा बाहेर बाकावर थांबला होता. त्याने स्कूटरची किल्ली मागितली. मी मागे बसलो. तसा मला आज चालवायचा कंटाळाच आला होता.