कुलपाचं माप

४ फेब्रुवारी, बुधवार

सून म्हणाली, दाराचं कुलूप बदलायचं. चहा गाळता गाळता म्हणाली, जसे काही पडदेच बदलायचे आहेत.

मी म्हटलं, “बिघडलंय का?”

“नाही. उत्तम चालतंय. तेच तर!”

चिरंजीव घर सोडून गेले त्याला बरेच महिने झाले. दुसरीकडे राहतात, दुसरीबरोबर. इथली किल्ली मात्र अजून खिशात. सून कामावर गेली की येतात, वस्तू उचलतात, जातात. आधी इस्त्री गेली, मग मिक्सर, मग बैठकीतला उभा दिवा. संध्याकाळी सून येते, रिकाम्या जागेकडे बघते, मग माझ्याकडे. मी काय सांगणार? मुलगा माझा. घर तिचं — भाडं ती भरते, करारावर सही तिची. मी कोणाची, ते माझं मलाच माहीत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

अख्खं कुलूप काढावं लागत नाही म्हणे. किल्ली ज्यात जाते तो पितळी सिलिंडर तेवढा काढायचा आणि नवा घालायचा. जुन्या किल्ल्या आपोआप बाद. शेजारणीला म्हटलं सिलिंडर बदलतोय, तर ती म्हणाली, “अगं बाई, गॅस संपला? आमच्याकडे चहा घ्यायला ये.” घरातलं सगळं पुराण सांगण्यापेक्षा तिच्याकडे जाऊन चहा घेतला.

७ फेब्रुवारी, शनिवार

सून म्हणाली, “आई, माप तुम्ही घ्या. तुमचा हात बसलाय.” बरं वाटलं. उभा जन्म लोकांचे कपडे शिवले, माझ्या टेपवर कुणी संशय घेतलेला नाही. दाराच्या कडेला मधोमध एक लांब स्क्रू असतो. तिथून बाहेरची बाजू वेगळी मोजायची, आतली वेगळी. मोजली. आकडे कागदावर लिहून दिले. सून तडक दुकानात गेली.

८ फेब्रुवारी, रविवार

कडेचा स्क्रू निघाला. सिलिंडर निघेना. सुनेने ओढला, मी ओढला, मग तिने दाराला पाय लावून ओढला आणि मी तिला मागून धरलं. शेजारीण दार उघडून बघून गेली. नव्या सिलिंडरच्या खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं — किल्ली किंचित फिरवा आणि मग ओढा. तसं केलं तर गुणी बाळासारखा हातात आला.

नवा घातला. दाराबाहेर बोटभर पुढे! नाकच जणू.

“आई, माप?”

म्हटलं, “थोडी माया ठेवली.”

“कुलपात?”

आता काय सांगायचं! माप घेतलं की हात आपोआप जास्तीचं धरतो. कपडा मोठा झाला तर आत घेता येतो, अपुरा पडला तर गिऱ्हाईक डोक्यावर बसतं. पितळ आत घेता येत नाही हे लिहिताना सुचलंच नाही.

मला वाटलं हसेल. नाही हसली. हळूच म्हणाली, “मुद्दाम केलंत का?”

फार लागलं मला ते. खोलीत जाऊन बसले. जेवणावर राग काढायची माझी सवय नाही, म्हणून जेवले. नेहमीपेक्षा थोडं जास्तच.

जुना सिलिंडर परत बसवला.

९ फेब्रुवारी, सोमवार

दुकानदार म्हणाला म्हणे, “असा पुढे आलेला चालतच नाही. चोराला पकडायला आयता मिळतो, पक्कड लावली की तुटला.” बरोबर माप आणलं तर बदलून देतो म्हणाला. हे सगळं सुनेने मला अगदी अदबीने सांगितलं. एवढी अदब! भांडली असती तर परवडलं असतं.

११ फेब्रुवारी, बुधवार

चिरंजीव आले. “काय गं, कशी आहेस?” म्हणाले आणि उत्तराच्या आधी स्वयंपाकघरात पोचले. या खेपेला कुकर. आत बटाटे होते, नुकतेच शिजलेले.

मी काय केलं? बटाटे पातेल्यात काढले. कुकर विसळला. शिटी हरवेल म्हणून वेगळ्या कागदात गुंडाळून दिली. मीच! माझी मला शरम वाटली, पण ती तो गेल्यावर.

स्क्रूड्रायव्हर दाराजवळच पडला होता, तो त्याने पाहिला. “कुलूप बदलताय? मग एक किल्ली मला काढून ठेव. तिला कळायचं काम नाही.”

मी हुं म्हटलं. माझं हुं म्हणजे काहीच नसतं. पण त्याला लहानपणापासून ते हो वाटतं.

निघताना म्हणाला, “तुलाही नेली असती गं, पण तिकडे जागा लहान आहे.” मी विचारलंही नव्हतं. विचारणार नव्हते. पण एकदा तरी चल म्हणेल, म्हणून वाट बघत होते, हे खरं. कुकर काखेत मारून गेला.

संध्याकाळी सुनेला मीच सांगितलं. कुकर गेला, बटाटे आहेत.

“किल्ली मागितली असेल.”

“मागितली.”

“मग? काय म्हणालात?”

“हुं म्हटलं.”

तिने कपाळाला हात लावला. “आई, तुमचं हे हुं!” मग बटाटे सोलायला बसली. अर्धे माझ्यापुढे सरकवले. अदब गेली एकदाची.

१४ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा मोजलं. पट्टी तिने धरली, आकडे मी वाचले, लिहिले तिने. प्रत्येक आकड्याला विचारत होती, “माया धरून की सोडून?” सोडून, सोडून, बाई.

दुकानदाराने बजावलं होतं, दार उघडं ठेवूनच किल्ली फिरवून बघा, नाहीतर स्वतःच बाहेर राहाल. म्हणून आधी उघड्या दारात फिरवली. मग मी आत, ती बाहेर, दार बंद. मग ती आत, मी बाहेर. बाहेर उभी असताना उगाच वाटलं, उघडेल ना? उघडलं तिने लगेच.

एक किल्ली तिने पर्समध्ये टाकली. बाकीच्या पाकिटासकट माझ्या हातात.

“या तुमच्याकडे. कुणाला द्यायच्या ते तुम्ही ठरवा. मी विचारणार नाही.”

आणि भाजी चिरायला गेली! ह्यापेक्षा संशय बरा होता.

१५ फेब्रुवारी, रविवार

पाकीट शिलाई मशीनच्या खणात ठेवलंय, रिळांच्या मागे. सारखं लक्ष तिकडेच.

१६ फेब्रुवारी, सोमवार

चिरंजीवांचा फोन. “झालं का काम?”

म्हटलं, “हो, कुलूप छान बसलं.”

“किल्ली गं!”

म्हटलं, “कुकर नाही, तर बटाट्यांना फार वेळ लागतो.” आणि ठेवला.

देऊन टाकावी असं वाटतं. पोटचा आहे. तापात फणफणायचा तेव्हा मांडीवर घेऊन मशीन चालवलंय मी. आणि देऊ नये असंही वाटतं. रोज संध्याकाळी ती पोरगी जीव मुठीत धरून आत येते, आज काय गेलं म्हणून. दोन्ही खरं आहे. या वयात एकाच वेळी दोन्ही वाटणं बरं नव्हे, मला ब्लडप्रेशर आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सुनेने नवा कुकर आणला. मी त्यात आधी बटाटेच लावले.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी कुलपात खरखर. थांबली. मग बेल वाजली. दारातल्या भिंगातून पाहिलं, चिरंजीव.

“आई, उघड. तुला न्यायला आलोय. सामान भर.”

इतके महिने हेच ऐकायला जीव टांगला होता माझा. कडीपर्यंत हात गेलाही.

आतूनच म्हटलं, “नको रे. मी घरीच आहे.”

मग जिन्यात पावलं वाजली. बाहेर ऊन होतं. पाणी हवं का, ते विचारायचं राहिलं.