सानिकाचा गुडघा

प्रिय शमिका,

पावसहून, आमच्या गावातून लिहितेय. फोनवर तू "उमे" म्हटलंस की मी विरघळते, म्हणून कागद घेतला. आंब्याच्या कलमांना यंदा मोहोर चांगला आलाय. बाबा रोज विचारतात, सुट्टी किती दिवसांची? मी म्हणते, बघू.

आपण फुटबॉलच्या क्लबात एकाच वर्षी आलो. तू बचावाला, मी आघाडीला. सव्विसाव्या वर्षी माझा गुडघा कायमचा गेला. त्या सामन्याआधीच तो सुजला होता. तू कप्तान होतीस. म्हणालीस, "चाळीस मिनिटं काढ गं, माझ्यासाठी." मी उतरले. त्याचा दोष मी तुला कधी दिला नाही, आजही देत नाही. तेव्हा मी जाणती होते, नाही म्हणू शकले असते.

मग शिकवायला लागले. तू पुढे मुख्य संघाची प्रशिक्षक झालीस. सहा वर्षं लहान मुलींचा संघ, नंतर तीन वर्षं राखीव संघ. मुलगी तयार झाली की ती तुझ्या मुख्य संघात जायची आणि पेपरात फोटो तुझ्याबरोबर यायचा. खरं सांगते, मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. अकरा जणी वर पाठवल्या मी. प्रत्येकीचा पहिला सामना उभ्याने पाहिलाय.

वर गेलेली बारावी मुलगी सानिका. बुरोंडीची, वडील होडीवर जाणारे, स्वतः एकोणीस वर्षांची. तिचा गुडघा सुजला होता, म्हणून उपांत्य सामन्याच्या यादीत तिच्या नावापुढे मी "अनफिट" लिहून सही केली होती. तू ते खोडलंस. मी सगळ्यांसमोर आरडाओरडा केला, तेव्हा माझ्याकडे न बघता तू तिला म्हणालीस, "चाळीस मिनिटं काढ, सानिका." ती पोर छत्तीस मिनिटं धावली आणि पडली. शस्त्रक्रिया झाली, चालेल म्हणतात. खेळाचं कोणी काही बोलत नाही.

आता क्लबाचा कागद आलाय. सानिकाने दुखणं लपवलं, असं मी लिहून द्यायचं. सही केली की मुख्य संघाची सहप्रशिक्षक. तू फोनवर म्हणालीस, "वर ये आता. जन्मभर राखीव संघातच राहणार का?" हो, राहीन. तिथूनही काढलंत तर इथे सड्यावर, कातळाच्या माळावर, शाळेच्या पोरी अनवाणी खेळतात, त्यांना शिकवीन. पण त्या मुलीला खोटारडी ठरवून मी एक पायरीही वर चढणार नाही.

सोमवारी सानिकाच्या दुखापतीच्या चौकशी समितीसमोर मी येतेय. खोडलेल्या यादीचा फोटो माझ्याकडे आहे, तो दाखवणार. आणि आजवर कोणालाच न सांगितलेली गोष्टही सांगणार. माझा आरडाओरडा झाल्यावर सानिका माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "ताई, पट्टी घट्ट बांधा." मी बांधली. कारण सामना मलाही जिंकायचा होता. त्याची शिक्षा मला द्या, असं मी स्वतःच म्हणणार आहे. तुझ्याविरुद्धची माझी साक्ष तुला परक्यांच्या खोलीत पहिल्यांदा ऐकावी लागू नये, एवढ्यासाठी हे पत्र. समजूत घालायला फोन करू नकोस. आलीस तर सोमवारी माझ्या शेजारी बस आणि तूही खरं सांग.

एवढं होऊनही तुझीच,
उमा