वटारलेल्या डोळ्यांचे गणपती

२ जुलै
आजपासून आमच्या कारखान्यातल्या हिरामणभाऊंशी बोलणं बंद. सुरुवात त्यांनी केली, मी नाय. झालं काय — रोह्याचे रितेशशेट माल बघायला आले. त्यांच्यासमोर मी म्हटलं, "आमचा सुशील यंदा पितांबर काय सुरेख रंगवतो." एवढंच! भाऊ गणपतीच्या डोळ्यांची आखणी करत होते. कुंचला ठेवला नि बाहेर निघून गेले. हाताखालच्या सुशीलला चांगलं म्हटलं तर ह्यांचं काय गेलं? रोज दुपारी मी हाक मारते — "भाऊ, चहा." आज मारली नाय. पाहिजे तर मागतील.

४ जुलै
मागितला नाय.

५ जुलै
भाऊ माझ्या समोर, मध्ये फक्त गणपतींची ओळ. तरी सुशीलला म्हणतात, "वैनींना सांग, काळा रंग संपला." मीपण म्हटलं, "त्यांना सांग, फळीवर हाय." इकडे-तिकडे बघून सुशीलची मान आखडली. संध्याकाळी बाम मागत होता.

६ जुलै
घात झाला. समोरच्या धोंडुबाईच्या कारखान्यातून भाऊ बाहेर आले. मिशी पुसत! ती बाई कधीची टपून बसलीय. अख्ख्या हमरापुरात असा आखणीचा हात नाय. सीझन तोंडावर, निम्मा माल बिनडोळ्यांचा. भाऊ तिच्याकडे गेले तर कारखान्याला कुलूपच. माझा प्रणित कंपनीतून शिफ्ट करून आला, त्याला सांगितलं. म्हणतो, "आई, सॉरी बोलून टाक ना." मालकिणीने? रागाच्या भरात ठरवलं — उद्या आखणी सुशील करेल. कुणावाचून अडत नाय.

७ जुलै
अडलं. सुशीलच्या गणपतीचा एक डोळा पेणकडे, दुसरा रोह्याकडे. भाऊंनी त्याच्या हातातून कुंचला घेतला. जिवात जीव आला. तोंडावर दाखवलं नाय.

९ जुलै
भाऊंनी ह्या दिवसांत केलेली ओळ आज नीट बघितली. सगळे गणपती रागावलेले! भुवया चढलेल्या, बुबुळं रोखलेली. जसं काय कुणी उशिरा घरी आलंय. भाऊ मुद्दाम करतायत. उद्या रितेशशेट येणार. बिथरले तर सगळी ऑर्डर धोंडुबाईला. बोलावं का भाऊंशी? नाय. आधी त्यांनी.

१० जुलै
शेट आले. बघतच राहिले. मी पदर मुठीत धरून उभी. मग हसले. "ताई, ह्या डोळ्यांपुढे खोटं बोलायची कुणाची टाप नाय. सगळे बांधा." जाता जाता म्हणाले, "ओळखीचे वाटतात पण. कुठं बघितलेत, आठवत नाय."

मला कळलं. संध्याकाळी टिकली लावताना. आरशात.

देवा रे. दिवसभर भाऊंच्या समोर बसून मीच डोळे वटारत होते, नि म्हणत होते भाऊ रुसलेत. तशीच कारखान्यात गेले.

"भाऊ, हे माझे डोळे?"

"इतके दिवस दुसरं काय दाखवलंत, वैनी?"

"आणि धोंडुबाईकडे कशाला गेलेलात?"

"चहाला. तुम्ही हाक मारायची सोडलीत."

रडूच आलं मला. चुकलं म्हटलं, सुशीलसमोर, मोठ्याने. मग तिघांचा चहा टाकला, आलं घालून. भाऊ म्हणाले, "पितांबर सुरेखच रंगवतो तो. पण मला कोण म्हणतं असं?"

एवढंच होतं.

१२ जुलै
रितेशशेटचा फोन — आणखी गणपती पाहिजेत, डोळे तेच. सकाळपासून भाऊंसमोर बसलेय. राग येतच नाय, हसू येतं. भाऊ कंटाळले. उठून चप्पल घातली. "वैनी, आजचा चहा धोंडुबाईकडे घेऊन येतो." मी मान वर केली. भाऊंनी लगेच कुंचला उचलला.