परवानगी न घेता टोचलेले कान

आई, काल माझ्या लेकीचे कान टोचले, आणि कुणाच्या बापाची परवानगी घेतली नाही. तिनं सोनाराचं दुकान डोक्यावर घेतलं आणि मला मात्र हसू आवरेना. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे तुला सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

माझे कान टोचलेस तेव्हाचं आठवतंय? मी चार वर्षांची आहे. संस्थेतून तुमच्या घरी येऊन सहा महिने झालेत, दत्तकाचा कोर्टाचा हुकूम अजून व्हायचाय. संस्थेत सगळ्या बायका मावशी, म्हणून तूही मावशीच. तू कधी टोकलं नाहीस, पण शेजारीण 'अजून मावशीच म्हणते का गं?' असं विचारून गेली की उगाच भांडी आपटायचीस. अशात तुला माझे कान टोचायची हुक्की आली. भाईंदर पूर्वेच्या बाजारात सोनाराकडे नेलंस मला. 'रोने दो बेन, दो मिनट में भूल जाएगी,' तो म्हणाला. मी भोकाड पसरलं, माझ्याबरोबर तूही रडलीस आणि संध्याकाळी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटलेस.

थोड्याच दिवसांत संस्थेच्या बाई पाहणीला आल्या. माझे कान बघून त्यांचा पारा चढला. 'आम्हाला विचारलं होतं का? मूल अजून संस्थेचं आहे. असं वागणार असाल तर परत न्यावं लागेल.' तू पदर खोचलास. 'जेवते का, झोपते का, डॉक्टरला दाखवलं का, हवं ते विचारा, चारदा या. पण लेकीचे कान टोचायला मी अर्ज करू?' बाई गेल्या आणि तुझं अवसान गळालं. रात्रीपर्यंत मला मांडीवरून उतरू दिलं नाहीस, वरणभातसुद्धा तिथंच भरवलास.

ठाण्याच्या कोर्टात बाईंनी सगळं सांगितलं. न्यायाधीशांनी चष्मा काढला. 'मूल सुखरूप आहे ना, हे बघणं तुमचं काम. कान टोचायचे की नाही, ते घरच्यांचं. उद्या वेणी कशी घालायची तेही तुम्हीच ठरवणार का?' बाईसुद्धा हसल्या. मग साहेबांनी मला जवळ बोलावलं. 'बाळ, कुणाकडे राहायचंय?' मी गर्रकन तुझ्याकडे वळले आणि ओरडले, 'आई!'

पहिल्यांदाच. तू मला उचललंस, रडलीस, भर कोर्टात गिरकी घेतलीस. हुकूम त्याच दिवशी झाला. पुढं जन्मभर आल्यागेल्याला हा किस्सा ऐकवलास, 'साहेबांनी विचारलं मात्र, पोरीनं लगेच आई म्हटलं!' आणि त्या गडबडीत पाण्याची बाटली गळून तुझी नवी साडी कशी भिजली, हेही. मी आपली मान डोलवायचे. तुझा चेहरा इतका फुललेला असायचा, काय सांगणार!

हे पत्र काही कुठं जायचं नाही, म्हणून सांगून टाकते. बाटली गळली नव्हती गं. साहेब काय विचारतायत ते मला कळलंच नव्हतं. मला जोराची शू लागली होती, आणि अशा वेळी पोर जिला हाक मारतं, तिलाच मी हाक मारली.