चित्राचा पत्ता

३ मार्च, सोमवार
अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून आईला सगळं समजतं, पण तोंडातून शब्द फुटत नाही. स्पीच थेरपिस्टबाई म्हणाल्या, चित्रं समोर ठेवा, बोटाने दाखवतील. ताई लगेच कात्री-पुठ्ठा शोधायला उठली. मी थांबवलं. भाऊ सॉफ्टवेअर इंजिनिअर असताना पुठ्ठा? प्रोग्रॅम करतो. चित्रावर क्लिक केलं की आवाज येणार: पाणी, पंखा, दुखतंय. रविवारपर्यंत तयार.

९ मार्च, रविवार
तयार. माझ्या लॅपटॉपवर चित्रं झकास. सगळं एका फाइलमध्ये पॅक करून आईच्या लॅपटॉपवर टाकलं. नुसते रिकामे चौकोन. आईने एका चौकोनावर बोट ठेवलं. ताईने पाणी आणलं, पंखा लावला, उशी सरकवली. आईला बाथरूमला जायचं होतं. कळेपर्यंत उशीर झाला. आईने तोंड भिंतीकडे केलं. चादर ताईने बदलली.
दोष लॅपटॉपचा. जुना आहे.

११ मार्च
दोष लॅपटॉपचा नाही, स्लॅशचा, म्हणजे फाइलच्या पत्त्यातल्या तिरक्या रेघेचा. प्रोग्रॅम चित्रं माझ्या डिस्कवरच्या फोल्डरमध्ये शोधत होता. आईच्या लॅपटॉपवर ते फोल्डर कुठून येणार? पॅक केलेल्या फाइलच्या आतला पत्ता वेगळा लिहावा लागतो. सुरुवातीला स्लॅश नको, मधले सगळे एकाच बाजूला झुकलेले. त्यासाठी एक मेथड, म्हणजे प्रोग्रॅममधला एक छोटा तुकडा, लिहितोय. कसाही वेडावाकडा पत्ता द्या, सरळ करून देईल.
टीम लीडर म्हणाला, अशी मेथड आयती मिळते, एका ओळीचं काम आहे. मी नुसता हसलो. आयते कपडे घालणाऱ्यांना शिवण काय कळणार!

१५ मार्च
मेथड वाढतेय. उलटे स्लॅश, दुहेरी स्लॅश, नावात स्पेस, कॅपिटल अक्षरं. आणि पॅकच्या आत आणखी एक पॅक असेल तर? आईच्या प्रोग्रॅममध्ये नाही. पण उद्या कुणाच्या असला तर?
ताई दारातूनच म्हणाली, "निदान पाणी आणि बाथरूम, दोन तरी दिसू देत रे." म्हटलं, दोनच दाखवणं म्हणजे ठिगळ. ती कात्री घेऊन गेली. पटलं असावं.

१८ मार्च
ताईने पुठ्ठे कापलेच. चित्रकला यथातथा. पंखा फुलासारखा दिसतो. आईने तो उलटसुलट करून पाहिला, हसली, आणि वरच्या पंख्याकडे बोट केलं. तात्पुरती सोय म्हणून माझी हरकत नाही.

२२ मार्च, शनिवार
मेथड पूर्ण! सगळ्या टेस्ट पास. दुपारी ताई आणि थेरपिस्टबाईंच्या देखत आईसमोर लॅपटॉप ठेवला. चित्रं दिसली. सगळी! आईने पाण्यावर क्लिक केलं. आवाज नाही. पंख्यावर केलं. नाही.
कारण अत्यंत रंजक आहे. मेथड कॅपिटल अक्षरं लहान करते, आणि आवाजांच्या फाइलींची नावं मी कॅपिटलमध्ये ठेवली होती. पॅकच्या आत असा फरक खपत नाही. हे आईला नीट समजावून सांगायला घेतलं. स्लॅशपासून सुरुवात केली. बऱ्याच वेळाने आईने माझ्या हातावर हात ठेवला. ओठ हलले.
"पुरे."
अगदी स्पष्ट. ताई रडायलाच लागली. थेरपिस्टबाई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, इतके दिवस शब्द नाही, आज हे कशामुळे?
मी सांगायला तोंड उघडलं.
आई दुसऱ्यांदा बोलली. तोच शब्द, जरा मोठ्याने.